वॉल्टर ब्रेनन की गॅबी हेज?

हॉलिवूडचे जुने वेस्टर्न, म्हणजे काउबॉयचे चित्रपट, बघताना हा घोटाळा हमखास होतो. नायक घोड्यावर आणि त्याच्या शेजारी एक बोळका म्हातारा, सतत करवादणारा, पण जिवाला जीव देणारा. घरात कुणी म्हणतं ब्रेनन, कुणी म्हणतं गॅबी हेज. दोघेही चरित्र अभिनेते, दोघांनाही कवळी होती आणि दोघेही ती काढून कॅमेऱ्यासमोर उभे राहत. झुबकेदार दाढी आणि पुढून वर वळवलेली टोपी दिसली, तर बहुतेक तो हेज असतो.

जॉर्ज हेज हा 1885 साली न्यूयॉर्क राज्यात जन्मलेला रंगभूमीवरचा माणूस. 1929 च्या शेअर बाजारातल्या पडझडीत साठवलेला पैसा बुडाला म्हणून तो सिनेमात शिरला, घोड्यावर बसायलाही चाळिशी उलटल्यावर शिकला. हॉपअलाँग कॅसिडी या काउबॉय नायकाच्या चित्रपटांत तो ‘विंडी’ होता. पैशांवरून बिनसलं, कंपनी बदलली, विंडी हे नाव मागेच राहिलं. मग तो ‘गॅबी’ झाला. दोन्ही नावांचा अर्थ एकच, बडबड्या. पुढे गाणारा काउबॉय नट रॉय रॉजर्स याच्याबरोबर चित्रपटामागून चित्रपट तोच गॅबी येत राहिला, आणि मुलांना तोच हवा होता. पडद्याबाहेर मात्र हा माणूस चांगला नीटनेटका, टापटिपीत राहणारा.

ब्रेननचं तसं नाही. 1894 चा जन्म, दोनशेच्या वर चित्रपट, आणि सहायक अभिनेत्याची तीन ऑस्कर मिळवणारा तो आजवरचा एकटा पुरुष: 1936, 1938 आणि 1940 च्या चित्रपटांसाठी. पुढचे बरेचसे दात त्याने एका अपघातात गमावले होते. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स पहिल्या भेटीची गोष्ट सांगत असे: ब्रेननने त्याला विचारलं, “घालून की काढून?” काय, तर दात!

हॉक्सच्याच ‘रेड रिव्हर’मध्ये (1948) ब्रेननचा ग्रूट पत्त्यांच्या डावात आपल्या कवळीतला अर्धा वाटा हरतो. मग जेवायला बसला की जिंकणाऱ्याकडे हात पसरून दात मागायचे. माणूस हसवतो, पण त्याची लाचारीही आपल्याला टोचते. हे दोन्ही एकाच घासात देणं ब्रेननलाच जमावं, असं मला मनापासून वाटतं.

‘द वेस्टर्नर’मधला (1940) त्याचा न्यायाधीश रॉय बीन माणसांना सहज फासावर चढवतो, आणि लिली लँगट्री या नटीसाठी वेडापिसा असतो. तिला एकट्याने बघता यावं म्हणून नाट्यगृहाची सगळी तिकिटं विकत घेतो. अशा क्रूर माणसाची शेवटी कणव यावी, हे त्याच्या अभिनयाचं बळ.

आणि ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’मधला (1946) म्हातारा क्लँटन! तिथे विनोदाचा मागमूस नाही. स्वतःच्या वाढलेल्या मुलांना तो चाबकाने फोडून काढतो, आणि तेही शांतपणे. गॅबीला अशा भूमिकेत कल्पून बघा. जमणार नाही, कारण प्रेक्षक गॅबीला भेटायला येत. ब्रेनन दर वेळी नवा माणूस होऊन येई.

वयाचंही बघा. ‘केंटकी’ या चित्रपटातला (1938) म्हातारा ब्रेननने रंगवला तेव्हा तो जेमतेम चव्वेचाळीसचा होता. 1957 मध्ये ‘द रिअल मॅकॉइज’ या टीव्ही मालिकेत तो लंगडणारा आजोबा झाला, तेव्हा त्रेसष्टाचा. इतकी वर्षं म्हातारे रंगवल्यावर त्याचं खरं वय कुठे भूमिकेच्या जवळ येऊन पोचलं होतं.