कोल्हापुरातील स्वस्त मुक्काम

अंबाबाईच्या दर्शनासाठी, जोतिबा-नरसोबावाडीच्या फेरीसाठी किंवा कोकण, गोवा, कर्नाटकाकडे जाता-येता कोल्हापुरात एक-दोन रात्री थांबणाऱ्यांना उपलब्ध असलेली कमी खर्चाची निवासव्यवस्था. धर्मशाळा, भक्तनिवासे, त्यांतले सामायिक हॉल, रेल्वेच्या रिटायरिंग रूम आणि खासगी लॉज हे तिचे मुख्य प्रकार. प्रवासी किती वाजता पोहोचला आणि पंचांगात तो दिवस कोणता होता, यावर इथला खर्च फलकावरच्या दरापेक्षाही जास्त अवलंबून असतो.

मुक्कामाचे पट्टे

मिरज–कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली. लॉजची सर्वांत दाट वस्ती आजही शाहूपुरी, स्टेशन रोड, व्हीनस कॉर्नर आणि लक्ष्मीपुरी या भागांतच आहे. रेल्वे स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक, म्हणजे सीबीएस, एकमेकांपासून चालत जाण्याइतके जवळ असल्याने पहाटेची गाडी पकडणाऱ्याला हा पट्टा सोयीचा पडतो. मंदिर इथून सुमारे अडीच-तीन किलोमीटरवर आहे.

दुसरा पट्टा मंदिराभोवतीचा : ताराबाई रोड, महाद्वार रोड, भवानी मंडप, कपिलतीर्थ, बिंदू चौक. धर्मशाळा आणि भक्तनिवासे मुख्यतः इथे आहेत. काकडआरतीला चालत जाता येते, हा मोठा फायदा. मात्र गाडी दारापर्यंत नेता येईल असे गृहीत धरू नये. मंदिर परिसरात वाहनांवर निर्बंध असतात आणि गाडी बिंदू चौकाच्या किंवा तशाच एखाद्या वाहनतळावर लावून सामान हातात घेऊन जावे लागते. म्हातारी माणसे बरोबर असतील तर आधी त्यांना रिक्षाने सोडून मग गाडी लावायला जाणे बरे.

तिसरा पट्टा महामार्गालगतचा, शिरोली आणि उचगावच्या बाजूचा. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांसाठी तो ठीक आहे, पायी प्रवाशासाठी नाही. पुण्या-मुंबईच्या खासगी ट्रॅव्हल्स ज्या ‘तावडे हॉटेल’ला उतरवतात ते महामार्गावरून शहरात शिरण्याच्या फाट्याचे नाव आहे, तिथे मुक्काम मिळेल या समजुतीने नवखा माणूस पहाटे चार वाजता रस्त्यावर उभा राहतो. तिकीट काढतानाच गाडी शहरात कुठवर येते ते विचारून घ्यावे.

धर्मशाळा आणि भक्तनिवास

धर्मशाळेत खोली असते किंवा हॉल. हॉलमध्ये माणशी पैसे घेतात. सतरंजी, गादी, उशी, पांघरूण यांचे पैसे वेगळे पडू शकतात आणि सामानासाठी लॉकर असेलच असे नाही. म्हणून स्वतःचे कुलूप, एक चादर, दोरी आणि साबण बरोबर ठेवावेत. कुलूप मध्यम आकाराचे घ्यावे. जुन्या कडी-कोयंड्यात जाड कडीचे कुलूप बसत नाही आणि अगदी बारीक कुलपाचा उपयोग नसतो. गरम पाणी ठरलेल्या वेळेतच, बहुधा पहाटे पाच ते आठच्या दरम्यान, मिळते. सौरबंबाच्या इमारतीत पावसाळ्यात ते कोमटच असते. सगळ्यांना एकाच वेळी दर्शनाला निघायचे असते, त्यामुळे सामायिक न्हाणीघरापुढे साडेपाचला रांग लागते. कुटुंबातला एक जण पावणेपाचला उठला की सगळ्यांचे गणित सुटते.

इथले नियम लॉजपेक्षा कडक. रात्री दहा-अकराला मुख्य दरवाजा बंद होतो. मांसाहार आणि मद्य चालत नाही. तांबडा-पांढरा रस्सा खायला आलेल्याने तो बाहेर खाऊन यावा, डबा बांधून खोलीवर आणू नये. एकट्या पुरुषाला खोली न देण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आहे, त्याला हॉल दाखवतात. कायद्यात अशी बंदी नाही. खोलीत एकट्याने काही बरेवाईट केले तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, या भीतीतून तो नियम आला आहे. वाद घालून उपयोग नसतो. फोनवरच ‘एकटा आहे, चालेल का’ असे विचारलेले चांगले.

अंबाबाई आणि जोतिबा या दोन्ही मंदिरांचा कारभार पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहे, पण मंदिराजवळच्या प्रत्येक ‘महालक्ष्मी’ नावाच्या निवासाचा समितीशी संबंध असतो असे नाही. देवस्थानांच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार देशभर झाले आहेत. खूण साधी : पूर्ण रक्कम आधीच मागतात आणि यूपीआयवर संस्थेऐवजी एखाद्या व्यक्तीचे नाव दिसते. असे दिसले की पैसे पाठवू नयेत.

दिवस कसा मोजतात

सर्वाधिक पैसे वाया जातात ते इथे. लॉजमध्ये दोन पद्धती आहेत. ‘२४ तास’ पद्धतीत खोली घेतल्यापासून चोवीस तासांनी दिवस संपतो. दुसरीत चेकआउटची वेळ ठरलेली, बहुधा दुपारी बाराची किंवा सकाळी दहाची. मुंबईहून रात्री निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी साडेसातच्या सुमारास कोल्हापुरात येते, तर ट्रॅव्हल्स पहाटे चार-पाचलाच पोहोचतात.

पहाटे पाचला पोहोचून दुसऱ्या दिवशी रात्री नऊच्या गाडीने परतणाऱ्याचा हिशेब पाहा. दुपारी बाराची पद्धत असेल तर पाच ते बारा हा एक दिवस, पुढच्या बारापर्यंत दुसरा आणि रात्रीपर्यंत खोली ठेवली तर तिसरा. चोवीस तासांच्या पद्धतीत पहिला दिवस दुसऱ्या पहाटे पाचला संपतो आणि रात्री नऊपर्यंत दुसरा लागतो, म्हणजे दोनच दिवस. मात्र पहाटे येऊन त्याच रात्री झोपून दुसऱ्या सकाळी नऊला निघणाऱ्याला चोवीस तासांची पद्धतही दोन दिवसांना पडते, कारण पाच वाजता खोली सोडायला कोणी उठत नाही. त्याने सामान क्लोकरूममध्ये किंवा लॉजच्याच काउंटरवर ठेवून, सशुल्क स्वच्छतागृहात आंघोळ उरकून आधी दर्शन घ्यावे आणि खोली नऊ-दहाला घ्यावी. काउंटरवर सामान ठेवू देतात, पण पैसे आणि कागदपत्रे अंगावरच असावीत.

एक-दोन तासांची सवलत काउंटरवरचा माणूस तोंडी देतो आणि संध्याकाळी पाळी बदलली की दुसऱ्याला ती ठाऊक नसते. म्हणून पावतीवर आत आल्याची वेळ लिहून घ्यावी आणि सवलत मिळाली असेल तर तीही त्याच पावतीवर.

रेल्वेची रिटायरिंग रूम मिळायला निश्चित किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर लागतो. ती १२ ते ४८ तासांसाठी मिळते. खोल्या मोजक्या असल्याने तिच्या भरवशावर दुसरी सोय सोडून देऊ नये.

खोली घेताना

आधी खोली पाहावी, मग नाव लिहावे. गादी उचलून तिच्या शिवणीत काळे ठिपके आहेत का ते बघावे. ढेकणांची तीच जागा. नळ सोडून पाणी येते का, संडासाचा फ्लश चालतो का, आतली कडी नीट बसते का, पलंगाजवळ चार्जिंगचा पॉइंट आहे का आणि खिडकी रस्त्यावर उघडते की चौकात, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. स्टेशन रोडवर मागच्या बाजूची खोली मागावी. वारा कमी मिळेल, पण झोप लागेल. जून ते ऑगस्टमध्ये खिडकी किंवा गच्ची नसलेल्या खोलीत कपडे दोन दिवसही वाळत नाहीत.

प्रत्येक प्रौढाचे ओळखपत्र मागतात. आधारची प्रत द्यावी लागलीच तर तिच्यावर तारीख आणि कारण लिहून द्यावे. पत्ता कोल्हापूरचाच असेल तर काही लॉज खोली नाकारतात. परदेशी पाहुण्याची माहिती लॉजने २४ तासांत ठरलेल्या फॉर्मद्वारे (पूर्वीचा ‘सी फॉर्म’) परदेशी नागरिकांच्या नोंदणी अधिकाऱ्याला कळवावी लागते. ज्या लहान लॉजनी त्याची नोंदणी केलेली नसते, ते परदेशी पारपत्र बघताच खोली नाही म्हणतात.

कराबाबत नेहमी गोंधळ होतो. एक हजार रुपयांपर्यंतच्या लॉजच्या खोलीला असलेली जीएसटीची सूट १८ जुलै २०२२ पासून गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे. नोंदणीकृत धार्मिक न्यासाच्या, देवस्थानाच्या आवारातल्या आणि दिवसाला हजार रुपयांपेक्षा कमी भाड्याच्या खोलीला तो लागत नाही. छोट्या लॉजची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असेल, तर त्यालाही कर आकारता येत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नसताना कर लावला असेल तर तो देऊ नये.

गर्दीचे दिवस

शनिवार-रविवार, सलग सुट्ट्या, मे महिना आणि दिवाळीनंतरचा आठवडा यांची गर्दी सर्वांना माहीत असते. चुकते ते पंचांगातल्या दिवसांत. नवरात्रात मंदिरालगत आयत्या वेळी खोली मिळणे जवळजवळ अशक्य. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते. वाडी रत्नागिरीचा डोंगर शहरापासून अठराएक किलोमीटरवर, तरी सासनकाठ्यांबरोबर (यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्यांबरोबर) आलेले लोक शहरातही उतरतात. मावळतीची किरणे अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात तो किरणोत्सव साधारणतः ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत होतो. तेव्हा संध्याकाळी मंदिरात दाटी असते, पण खोल्यांवर नवरात्राइतका ताण येत नाही. अमावास्येला आदमापूरच्या बाळूमामांच्या दर्शनाला जाणाऱ्यांमुळे एसटी भरून जातात. अशा दिवशी नरसोबावाडीला मुक्काम करून सकाळी कोल्हापूर गाठणे हा चांगला पर्याय आहे. नरसोबावाडी सुमारे ४५ किलोमीटरवर असून तिथे यात्रेकरूंसाठी बऱ्याच खोल्या आहेत. दत्तजयंतीला मात्र हेच गणित उलटे होते. पन्हाळा वीसेक किलोमीटरवर आहे, पण थंड हवेचे ठिकाण म्हणून तिथले दर शहरापेक्षा चढे असतात.

पूर

जुलै-ऑगस्टमध्ये आरक्षण करणाऱ्याने दरापेक्षा राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी आधी बघावी. तिथे पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पातळी पुढे आणखी चढते. गगनबावड्याचा आणि रत्नागिरीचा रस्ता आधी बंद होतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गही पाण्याखाली गेला, वाहने अडकून पडली आणि शहरात जयंती नाल्याच्या काठाने व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीचा काही भाग बुडाला. म्हणजे लॉजची दाट वस्तीच यात सापडते. पातळी चाळिशीकडे जाऊ लागली की तळमजल्यावरची खोली आणि तळघरातले पार्किंग दोन्ही टाळावे. कोकणात जाणार असल्यास निघायचे की थांबायचे हे त्याच दिवशी ठरवावे.

जेवण

खानावळीतल्या मटण ताटात सुके मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी किंवा चपाती, भात, कांदा-लिंबू येते. बहुतेक ठिकाणी रस्सा हवा तेवढा वाढतात. मटण पुन्हा घेतले तर पैसे पडतात. दुपारी तीननंतर आणि रात्री साडेदहानंतर गेल्यास ताट संपलेले असते. रविवारी रांग असतेच. इथली मिसळ पावाच्या लादीऐवजी ब्रेडच्या स्लाइसबरोबर देतात आणि सकाळी एका मिसळीवर दुपारपर्यंत भागते. ज्याला खर्च आणखी कमी ठेवायचा त्याने दुपारी अन्नछत्रात जेवून रात्री गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर काढलेले म्हशीचे दूध प्यावे.

वसतिगृहे आणि तालमी

शहरातली दोन प्रकारची निवासे प्रवाशांसाठी नाहीत, तरी नावांमुळे घोटाळा होतो. दसरा चौकाच्या परिसरातली ‘बोर्डिंगे’ ही विद्यार्थ्यांची वसतिगृहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी ती काढली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. तालमींमध्ये बाहेरगावचे मल्ल राहतात, स्वतःचा खुराक स्वतः बघतात. पाहुण्याला तिथे फार तर सकाळचा सराव बघता येईल, तोही वस्तादांना विचारून.

मार्गदर्शक पुस्तके

महाद्वार रोडवर स्थळमाहात्म्याच्या पुस्तिका आणि जिल्ह्याचे नकाशे मिळतात. अशा पुस्तकांतले दर आणि फोन क्रमांक सर्वांत आधी जुने होतात. बसच्या वेळाही भरवशाच्या नसतात. अंतरे, यात्रांच्या तिथी, मंदिरांची मांडणी आणि गावांची नावे मात्र टिकतात, तेवढ्यासाठी ती घ्यावीत. एसटीचा चार किंवा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास काढून फिरणाऱ्याला नकाशा विशेष उपयोगी पडतो. कोकणच्या आणि राधानगरीच्या बाजूच्या सगळ्या गाड्या सीबीएसवरून सुटत नाहीत; रंकाळा आणि संभाजीनगर ही स्थानके वेगळी आहेत. पहाटेची पहिली गाडी कुठून सुटते हे आदल्या संध्याकाळी चौकशी खिडकीवर विचारावे आणि खोली त्या बाजूला घ्यावी.