पितळी भिंगावर जुनं साल कोरलेलं असलं की ते लाखमोलाचं?

‘पितळी भिंगावर लंडन आणि जुनं साल कोरलेलं असेल तर ते ब्रिटिशकालीन, किंमत लाखांत,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. घरात आजोबांचं भिंग असलं की असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण कोरलेलं साल हा वयाचा पुरावा नाही. जुन्या घाटाची, जुनी सालं टाकलेली पितळी भिंगं आपल्याकडे शोभेसाठी आजही बनतात.

आधी लोहचुंबक लावा. पितळेला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. मग काळपटपणा बघा. खरोखर वापरलेल्या भिंगाची मूठ हाताच्या पकडीत गुळगुळीत झालेली असते आणि काळं फक्त खाचांत उरतं. सगळीकडे सारखाच काळा रंग असेल तर तो बहुधा रसायनाने आणलेला. नाशकात भांडी बाजारात पितळेत मुरलेल्या जुन्या दुकानदाराला दाखवलंत, तर ओतकाम आणि झिजेबद्दल तो नेमकं सांगू शकेल.

आकारावरूनही भाव ठरत नाही; भिंग मोठं म्हणजे शक्ती जास्त, असं नसतं. शक्ती घरीच मोजता येते. दूरच्या खिडकीची प्रतिमा भिंतीवर स्पष्ट पडेपर्यंत भिंग मागेपुढे करा. भिंतीपासूनचं अंतर १० सेंमी भरलं, तर २५ (डोळ्याला स्पष्ट दिसण्याचं जवळचं अंतर, सेंमीत) भागिले १०, म्हणजे शक्ती साधारण अडीच पट. मोठ्या भिंगांची शक्ती बहुधा याहून कमीच भरते.

किंमत ठरते ती कारागिरी, मूठ चांदीची असेल तर तिच्यावरचे शुद्धतेचे छाप, काचेची स्थिती यांवर. मूठ हस्तिदंती असेल तर मात्र विकायला काढूच नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे.