पोरांसोबत घरी उत्खनन करायचंय? मग आधी एक खड्डा गुपचूप खणून ठेवा

मुलांसाठी मिळणारे ते 'खोदा आणि शोधा' किट तुम्ही बघितलेच असतील, प्लास्टरचा ठोकळा, सोबत प्लास्टिकची छिन्नी आणि आत डायनासोर. पोरं थोड्या वेळात ठोकळ्याचा भुगा करतात, डायनासोर बाहेर येतो, खेळ संपला. मजा येते, नाही असं नाही, पण याला पुरातत्त्व म्हणायला दोन अडचणी आहेत. एक म्हणजे डायनासोर हा पुरातत्त्वाचा विषयच नाही, पुरातत्त्ववाले माणसाने मागे ठेवलेल्या गोष्टी बघतात आणि शेवटचे डायनासोर (पक्षी सोडून) जाऊन साधारण 6.6 कोटी वर्षं झाली, तेव्हा माणूस होता कुठे! दुसरी अडचण मोठी आहे, त्या भुग्याकडे कुणी बघतच नाही. खऱ्या साइटवर वस्तू कुठल्या मातीत होती, किती खोल होती, शेजारी काय होतं हीच अर्धी माहिती असते आणि एकदा उकरलं की ती जागा परत तशी मांडता येत नाही. उत्खनन म्हणजे पुरावा नष्ट करत करतच तो वाचायचा, म्हणून नोंद.

तर घरी करायचं असेल तर एक खोल खोका घ्या आणि त्यात वेगवेगळ्या रंगाचे तीन-चार थर भरा, वाळू, लाल माती, लाकडाचा भुसा, बारीक खडी, जे हाताशी असेल ते. प्रत्येक थरात काही वस्तू ठेवा. खालचा थर आधी पडला म्हणून तो जुना, वरचा नवा, हा नियम निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने 1669 मध्ये मांडला, तोही खडकांसाठी, पण मातीलाही तोच लागू. मग थर भरून झाले की मुलं नसताना वरून थेट तळापर्यंत एक अरुंद खड्डा खणा, त्यात एखादी अगदी आजची वस्तू टाका, पेनाचं टोपण वगैरे, आणि वेगळ्या रंगाच्या मातीने बुजवून टाका. माझ्या मते सगळ्या खेळातला सर्वात शिकवणारा भाग हाच. कारण पोरं टोपण सगळ्यात खाली सापडलं म्हणून ते सगळ्यात जुनं असं छातीठोकपणे सांगणार, मग त्यांना विचारायचं की या टोपणाभोवतीची माती बाजूच्या मातीसारखी दिसते का? ती गोल वेगळी कड एकदा दिसली ना, की पुढे प्रत्येक डाग संशयाने बघायला लागतात. खऱ्या साइटवर हेच होतं, विहिरी, कचऱ्याचे खड्डे, खांबांची भोकं, उंदरांची बिळं, सगळं जुन्या थरांना भोसकून खाली गेलेलं असतं.

खोक्यात वर्ष छापलेलं नाणंही टाका. समजा त्यावर 1998 आहे. मग तो थर 1998 चा का? नाही, तो 1998 किंवा त्यानंतरचा, कारण नाणं वीस वर्षं खिशाखिशातून फिरून मग पडलेलं असू शकतं. मोठी माणसंही इथे गंडतात.

खोदताना भोसकायचं नाही, थापीने किंवा जुन्या चमच्याने आडवं खरवडत एक थर पूर्ण काढायचा, मग पुढचा. खोक्यावर दोरे ताणून चौकोन करा, एका बाजूला अक्षरं, दुसऱ्या बाजूला आकडे, आणि वस्तू दिसली की हात न लावता आधी चौकोन, पट्टीने मोजलेली खोली, शेजारी पट्टी ठेवून फोटो. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर 1930 च्या दशकात इंग्लंडमध्ये मेडन कॅसल हा टेकडीवरचा प्राचीन किल्ला खणत होते तेव्हा चौकोनांच्या मध्ये मातीचे बांध तसेच सोडायचे, म्हणजे सगळे थर कडेला उभे दिसत राहतात. खोक्यात मधे असा एक बांध ठेवून बघा, ओलसर माती असेल तर टिकतो, वाळू असेल तर ढासळतो, चालायचंच. निघालेली सगळी माती मात्र चाळायची.

खोकाबिका भरायचा कंटाळा असेल तर घरातली सुक्या कचऱ्याची बादली आहेच. ही थट्टा नाही, विल्यम राथजे नावाच्या पुरातत्त्वज्ञाने 1973 मध्ये अमेरिकेत टूसॉन शहरात विद्यार्थ्यांना घेऊन लोकांच्या कचऱ्याचा रीतसर अभ्यास सुरू केला. लोक बिअर किती पितो म्हणून सांगतात आणि कचऱ्यात डबे किती निघतात याचा मेळ बसेना! पुढे त्यांनी कचरा डेपोही खणले आणि कित्येक वर्षांपूर्वीचे पेपर आतून वाचता येतील असे निघाले. घरी दोन कुटुंबांनी बादल्या बदलायच्या आणि समोरच्यांबद्दल अंदाज बांधायचा, किती जण, लहान मूल आहे का, सुट्टीचा दिवस कुठल्या थरात. हातमोजे घाला, काच-ब्लेड-औषधं आधी काढा, आणि नाव-पत्त्याचे, बँकेचे कागदही, नाहीतर अंदाज जरा जास्तच बरोबर येतील.

खापरांचा उद्योग मोठ्या मुलांना आवडतो. भाजलेल्या मातीचं भांडं जाड कापडात गुंडाळून मोठ्यांनी फोडायचं आणि काही तुकडे लपवून टाकायचे, कारण खऱ्या साइटवर पूर्ण भांडं क्वचितच मिळतं. कागदावर कंपासने एकात एक वर्तुळं काढा आणि काठाचा तुकडा त्यावर सरकवत बघा कुठल्या वर्तुळाशी जुळतो, एका तुकड्यावरून भांड्याच्या तोंडाचा व्यास मिळतो. पुरातत्त्ववाले खरंच असा तक्ता वापरतात. जोडताना पाण्यात सुटणारा गोंद घ्या, चूक झाली तर परत उघडता यायला हवं.

आणि घराबाहेर? शेतात, नदीकाठी, जुन्या भिंतीपाशी खापर दिसलं तरी खणायचं नाही. फोटो, जागेची नोंद आणि जवळच्या संग्रहालयाला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवायचं, परवानगीशिवाय खणणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे.

स्वतःची जागा असेल तर मात्र एक लांबचा प्रयोग करण्यासारखा आहे. सुती कापड, लोकर, चामडं, लोखंडी खिळा, हाड, प्लास्टिक असं सगळं एकाच खोलीवर पुरायचं, दुसरा संच कायम ओल्या चिखलात. आम्लधर्मी मातीत हाड विरघळत जातं, तर जिथे हवा पोचत नाही अशा चिखलात लाकूड-चामडंसुद्धा शतकानुशतकं टिकतं, त्यामुळे 'तिथे कापड सापडलं नाही' म्हणजे लोक कापड वापरत नव्हते असं होत नाही. इंग्लंडमध्ये ओव्हर्टन डाऊनला 1960 मध्ये मुद्दाम एक बांध आणि खंदक केला, आत अशाच वस्तू पुरल्या, आणि 2, 4, 8, 16, 32, 64 आणि 128 वर्षांनी थोडा थोडा भाग उघडायचं ठरवलं. पोरांना एवढा धीर नसतो, तुम्ही वर्षांऐवजी आठवडे धरा. फक्त जागेवर खूण आणि तारीख लावून ठेवा, नाहीतर मधेच घरातलं कुणीतरी तिथे रोप लावायला फावडं घालेल.