मॅनेजर आला की हेड कोच? नव्या नेमणुकीवर मत बनवण्याआधी

जून-जुलैत कोकण किनाऱ्यावर मासेमारी बंद असते आणि नेमके तेच युरोपातल्या फुटबॉल क्लबांचे सुट्टीचे दिवस. बरेच क्लब या दोन महिन्यांतच जुना माणूस काढून नवा आणतात. मग मालवणच्या धक्क्यावर, सावंतवाडीत मोती तलावाच्या काठावर, रत्नागिरीत मांडवीच्या जेट्टीवर तीच चर्चा. "मॅनेजर बदललो, आता टीम सुधारतली," असं एक म्हणतो. दुसरा म्हणतो, "हेका खेळाडू हाडून देवक होये, नायतर ह्यो तरी काय करतलो?" गणपतीत चाकरमानी घरी येईपर्यंत ट्रान्सफर विंडो (खेळाडू घेण्या-सोडण्याची ठरलेली मुदत) बंद झालेली किंवा व्हायला आलेली असते, आणि आरतीनंतर पडवीत तोच वाद नव्याने सुरू होतो.

या वादात बहुतेकांचं एक पाहायचं राहून जातं. क्लबने नेमलाय तो मॅनेजर आहे की हेड कोच? दोघे सामन्यात एकाच रेषेवर उभे राहून ओरडतात, पत्रकार परिषदेत एकाच खुर्चीवर बसतात, म्हणून आपण दोघांनाही मॅनेजरच म्हणतो. पण त्यांच्या हातातले अधिकार वेगळे असतात, आणि ते न बघता दिलेली शाबासकी किंवा शिवी चुकीच्या माणसाला जाते.

मॅनेजर हा जुना इंग्लिश प्रकार. सराव घेणं आणि अकरा जण निवडणं हे तर त्याचं काम असतंच. शिवाय कोणाला विकत घ्यायचं, कोणाला सोडायचं, कोणाचा करार वाढवायचा, अकादमीतल्या कोणत्या पोराला वर घ्यायचं, स्काउट आणि फिजिओ कोण असावेत, या सगळ्यात त्याचा शब्द चालतो. मँचेस्टर युनायटेडमध्ये अ‍ॅलेक्स फर्ग्युसन (१९८६ ते २०१३) आणि आर्सेनलमध्ये आर्सेन वेंगर (१९९६ ते २०१८) हे असे मॅनेजर होते. हेड कोच ही पद्धत इटली, स्पेन, जर्मनीत आधीपासून रुजलेली. तिथे हेड कोचकडे मुख्य संघ असतो: सराव, डावपेच, संघनिवड, सामन्यातले बदल. खेळाडूंची खरेदी-विक्री आणि करार स्पोर्टिंग डायरेक्टर बघतो. हेड कोचचं मत विचारलं जातं, कधी त्याला नकाराचा अधिकारही असतो, पण यादी तो करत नाही आणि पैशाची बोलणीही करत नाही.

किनाऱ्यावरच्या माणसाला हे तांडेलावरून लगेच कळेल. समुद्रात गेल्यावर कुठे जाळं टाकायचं, कधी ओढायचं, खलाशांपैकी कोणाला कुठे उभं करायचं, हे तांडेल ठरवतो. बोट कोणती, जाळं कोणतं घ्यायचं, इंजिनावर किती खर्च करायचा, हे मालक ठरवतो. हेड कोच म्हणजे तांडेल. जुना मॅनेजर म्हणजे स्वतःची बोट स्वतःच चालवणारा माणूस, फक्त पैसा दुसऱ्याचा. मासळी कमी मिळाली तर आपण तांडेलाला विचारतो, पण जाळंच फाटकं दिलं असेल तर त्याचा जाब त्याला विचारत नाही.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो तो क्रिकेटमुळे. भारतीय क्रिकेट संघाचा मॅनेजर हा प्रशासकीय माणूस असतो आणि खेळ कोच बघतो. गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांतही प्रवेश फी भरणारा, गाडी ठरवणारा तो मॅनेजर. भारतीय फुटबॉलमध्येही टीम मॅनेजर हे पद वेगळं असतं: प्रवास, हॉटेल, किट, खेळाडूंची नोंदणी. इंग्लंडमधला मॅनेजर यातलं काही करत नाही.

आता उदाहरणं. लिव्हरपूलमध्ये युर्गेन क्लॉप २०१५ ते २०२४ मॅनेजर होते. जून २०२४ मध्ये आलेले आर्ने स्लॉट यांचं पद हेड कोच. वर स्पोर्टिंग डायरेक्टर रिचर्ड ह्यूज, त्यांच्याही वर मालक कंपनीतर्फे फुटबॉलचा कारभार बघणारे मायकल एडवर्ड्स. त्या उन्हाळ्यात क्लबला स्पेनच्या रेआल सोसिएदाद क्लबचा मिडफिल्डर झुबिमेंडी हवा होता. तो आला नाही. पुढच्या मोसमासाठी एक गोलरक्षक घेऊन ठेवला, आणि त्या मोसमात खेळण्यासाठी आला फक्त कियेझा. चाहते भडकले. पण झुबिमेंडी न येणं ही ह्यूज यांच्या टेबलावरची गोष्ट होती. स्लॉट यांच्या टेबलावरची गोष्ट वेगळी: वर्षभर आधी जर्मनीच्या बायर्न म्युनिकहून घेतलेल्या ग्रावेनबर्खला त्यांनी बचावफळीच्या पुढच्या जागेवर उभं केलं आणि तो तिथे बसला. लिव्हरपूलने २०२४-२५ ची लीग जिंकली. हातात आलेल्या संघातून काम करून घेणं ही हेड कोचची खरी परीक्षा, आणि ती तिथे स्वच्छ दिसली. अर्थात क्लॉप यांचा संघ ज्या पद्धतीने खेळत होता त्याच्या जवळचीच पद्धत स्लॉट यांची होती, हेही विसरू नये. क्लबने माणूस तसा निवडला होता.

मँचेस्टर युनायटेडचं उलटं झालं, आणि हे उदाहरण नीट समजून घेण्यासारखं आहे. एरिक टेन हाग २०२२ मध्ये मॅनेजर म्हणून आले. खरेदीत त्यांची छाप ठळक: अँटनी आणि लिसांद्रो मार्टिनेझ आयाक्समधून, ओनाना इंटरहून, डी लिख्त आणि मझरावी बायर्नहून. हे पाचही जण कधी ना कधी आयाक्समध्ये, म्हणजे टेन हाग यांच्या आधीच्या क्लबात, खेळलेले. चौघांची बचावफळी, पुढे दोन, मग तीन आणि वर एक, अशा रचनेसाठी तो संघ उभा राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेन हाग गेले आणि नोव्हेंबरमध्ये रुबेन आमोरिम आले, पण हेड कोच म्हणून. त्यांची रचना ३-४-३, म्हणजे मागे तीन, मध्ये चार, पुढे तीन. तिला दोन्ही काठांवर सतत वरखाली पळणारे विंग-बॅक लागतात. युनायटेडकडे त्या कामाचे खेळाडू जवळपास नव्हतेच, उलट अशा रचनेत जागा न उरणारे विंगर, म्हणजे काठावरून हल्ला करणारे, मात्र भरपूर होते. मोसम चालू असल्याने जानेवारीपर्यंत कोणाला घेता येईना. ती विंडो संपता संपता, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, इटलीच्या लेचेहून विंग-बॅक डोर्गू आला. त्या मोसमात युनायटेड लीगमध्ये १५ वे आले आणि युरोपा लीगची अंतिम लढत टॉटनहॅमकडून १-० ने हरले.

इथे चाहत्यांचे दोन तट पडले. एक म्हणे, रचना बदलायला काय हरकत होती? दुसरा म्हणे, त्याच्या हातात संघच चुकीचा दिला. आमच्या मते दोन्हीत तथ्य आहे, पण मोठी चूक नेमणूक करणाऱ्यांची. एका मॅनेजरच्या आवडीने संघ बांधायचा आणि मोसमाच्या मध्यावर पूर्ण वेगळ्या रचनेचा हेड कोच आणायचा, तर निदान दोन ट्रान्सफर विंडो वाया जाणार हे नेमणाऱ्यांना आधीच दिसायला हवं. हेड कोच ठेवायचा असेल तर खेळाची पद्धत क्लबने ठरवायची आणि त्या पद्धतीचा माणूस शोधायचा. मग माणूस बदलला तरी वीसेक खेळाडू बदलावे लागत नाहीत. ब्रायटन आणि ब्रेंटफर्ड वर्षानुवर्षं असंच करत आलेत, म्हणून त्यांचा कोच मोठ्या क्लबने पळवला तरी ते कोसळत नाहीत.

आर्सेनलने तर पदच बदललं. वेंगर गेल्यावर २०१८ मध्ये उनाई एमेरी हेड कोच, डिसेंबर २०१९ मध्ये मिकेल आर्तेता तेही हेड कोच. सप्टेंबर २०२० मध्ये क्लबने आर्तेता यांना मॅनेजर केलं. पाटी बदलली तसे अधिकारही वाढले. डिसेंबर २०२१ मध्ये स्ट्रायकर ओबामेयांगचं कर्णधारपद काढलं आणि काही आठवड्यांत तो क्लबमधून बाहेर. इतक्या मोठ्या खेळाडूबद्दल असा निर्णय हेड कोचला एकट्याच्या बळावर पार नेणं अवघड जातं. आर्सेनल दोन मोसम ८ वं आलं, २०२१-२२ चे पहिले तीनही सामने हरलं, तेव्हा "हटवा" म्हणणारे कमी नव्हते. क्लब थांबला. पुढे २०२२-२३ पासून सलग तीन मोसम दुसरा क्रमांक.

म्हणून नेमणुकीची घोषणा आली की नाव वाचून थांबू नका. आधी पद बघा, ते बहुतेक वेळा पहिल्याच वाक्यात असतं. मग स्वागताचं निवेदन कोणाच्या नावाने आहे ते बघा. स्पोर्टिंग डायरेक्टर बोलत असेल तर यादी त्याची. सोबत किती सहायक येतायत? तीन-चार माणसं घेऊन येणारा स्वतःची सराव पद्धत आणतोय; एकटा येणाऱ्याला आधीच्याच सहायकांबरोबर काम करायचंय आणि बदल हळू दिसणार. सेट-पीसचा (कॉर्नर, फ्री-किक वगैरेंचा) कोच वेगळा आहे का, हेही बघा, कारण कॉर्नरवरचे गोल वाढले तर त्याचं बरंचसं श्रेय त्या माणसाचं. आर्सेनलमध्ये २०२१ पासून हे काम निकोलस जोव्हर यांच्याकडे आहे. शेवटी तारीख. जूनमध्ये आलेल्याला पूर्ण पूर्वतयारी मिळते. नोव्हेंबरमध्ये आलेल्याला दर तीन-चार दिवसांनी सामना, म्हणजे सरावाला जेमतेम दिवस मिळतात, आणि जानेवारीपर्यंत नवा खेळाडू नाही. करार किती वर्षांचा आहे यावरून मात्र फार काही ठरवू नका. लांब करार म्हणजे जास्त अधिकार नव्हे, काढताना जास्त भरपाई एवढंच.

पहिल्या आठ-दहा सामन्यांत कोचचं काम कुठे दिसतं? चेंडू गमावल्यावर पुढच्या पाच-सहा सेकंदांत जवळचे तिघे त्याच्यावर धावतात की मागे पळतात. बचावफळी मध्यरेषेजवळ उभी राहते की स्वतःच्या पेनल्टी बॉक्सपाशी. गोलकिक आखूड की लांब. साठाव्या मिनिटानंतर केलेला बदल माणसाच्या जागी माणूस असतो की रचनाच बदलतो. हे सगळं मॅनेजर असो वा हेड कोच, त्याच्याच खात्यात. डाव्या बाजूला बचावपटूच नसणं, बाकावर अठरा वर्षांची पोरं असणं, एकच स्ट्रायकर आणि तोही दुखापतग्रस्त असणं, हे हेड कोचच्या खात्यात टाकू नका. मॅनेजर असेल तर जरूर टाका, पण त्याची पहिली विंडो उलटून गेल्यावर.

गुणांची तुलना करताना सरळ गेल्या वर्षीच्या दहा सामन्यांशी करू नका. त्याच प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध, घरचा सामना घरच्याशी आणि बाहेरचा बाहेरच्याशी, असे जोड लावा. खालच्या लीगमध्ये गेलेल्या तीन संघांच्या जागी वर आलेले तीन धरा. वहीच्या एका पानावर मावणारं काम आहे, आणि वेळापत्रक सोपं होतं की अवघड हा वाद त्यातच मिटतो.

हंगामी माणसाबाबत तर ही वही लागतेच. टेन हाग गेल्यावर रूड व्हॅन निस्टलरॉय यांनी युनायटेडचे चार सामने सांभाळले: तीन विजय, एक बरोबरी. "जुनो खेळाडू आसा, हेकाच ठेवा," ही मागणी जोरात झाली. पण तीनपैकी दोन विजय लेस्टरवर होते, आणि लेस्टर त्याच मोसमात खालच्या लीगमध्ये गेलं. ओले गुन्नार सोल्शियर यांनी डिसेंबर २०१८ पासून हंगामी म्हणून १९ पैकी १४ सामने जिंकले. सुरुवातीचे दोन कार्डिफ आणि हडर्सफील्डविरुद्ध, दोन्ही संघ त्याच मोसमात खालच्या लीगमध्ये गेलेले. मार्च २०१९ मध्ये त्यांना कायम केलं आणि मोसमाच्या उरलेल्या दहा सामन्यांत फक्त दोन विजय आले. हंगामी माणसावर खरेदीचा भार नसतो, वगळलेल्या खेळाडूंना नवी संधी दिसते म्हणून ते जीव तोडून धावतात. हा परिणाम काही आठवडे टिकतो. त्यावर तीन वर्षांचा करार बेतू नये.

आपल्या किनाऱ्याला सगळ्यात जवळचा मोठा क्लब एफसी गोवा. सावंतवाडी रोडहून कोकण रेल्वेने मडगावला उतरलं की फातोर्डा जवळच. इथे पद हेड कोचचंच असतं आणि वाद तेच. जानेवारी २०२० च्या अखेरीस, संघ गुणतक्त्यात वरच असताना, क्लबने सर्जिओ लोबेरा यांना दूर केलं. उरलेले सामने क्लिफर्ड मिरांडा यांनी हंगामी म्हणून सांभाळले आणि गोव्याने आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग) पहिली लीग शील्ड, म्हणजे साखळी सामन्यांत अव्वल येणाऱ्याची ढाल, जिंकली. शील्ड कोणाची, यावर फातोर्ड्याच्या स्टँडमध्ये दोन मतं ऐकू येतात. संघ, रचना आणि बहुतांश गुण लोबेरा यांच्या काळातले. कोच गेल्यावर ड्रेसिंग रूम फुटू न देता शेवटचे सामने काढणं हे मिरांडा यांचं काम, आणि तेही सोपं नव्हतं. पुढच्या मोसमासाठी क्लबने हुआन फेरांडो यांना आणलं. तेही स्पेनचे, चेंडू पायात ठेवून खेळवणारे. म्हणजे माणूस बदलला तरी पद्धत क्लबने आपल्याकडेच ठेवली होती.