केमो कुणाला लागू पडेल?

बाहेरगावी बायोप्सी करून आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना मोठ्या कॅन्सर रुग्णालयात हमखास सांगतात, ‘ब्लॉक घेऊन या.’ हा ब्लॉक म्हणजे मेणाचा ठोकळा, काडेपेटीहून लहान. गाठीतून सुईने काढलेला तुकडा त्यात बुजवलेला असतो. फुप्फुसाच्या बाबतीत तो बऱ्याचदा शेवईच्या तुकड्याएवढाच निघतो. कॅन्सर आहे हे तर कळलं, मग आता या ठोकळ्याचं काय काम, असं घरच्यांना वाटतं. काम असं, की त्याला अजून एक प्रश्न विचारायचा राहिलेला असतो: औषध कोणतं लागू पडेल?

‘लागू पडणं’ हा आपला शब्दप्रयोग मला फार नेमका वाटतो. त्यात औषध चांगलं की वाईट याचा निवाडा नाही. या माणसाला, या आजारात ते चाललं की नाही, एवढंच आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या संशोधनाला या साध्या गोष्टीपर्यंत यायला बरीच वर्षं लागली.

२००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आजार पसरलेल्या सुमारे १२०० रुग्णांना केमोच्या चार वेगवेगळ्या जोड्यांपैकी एक दिली होती. चारही जोड्या जवळजवळ सारख्याच ठरल्या. निम्मे रुग्ण सुमारे आठ महिन्यांच्या आत दगावले, आणि गाठ लक्षणीय आक्रसली ती साधारण पाचातल्या एकाची. पण तो पाचातला एक कोण, हे आधी सांगता आलं असतं तर? उरलेल्या चौघांच्या उलट्या, गळलेले केस आणि वाया गेलेले महिने तरी वाचले असते.

या चारही जोड्यांमध्ये प्लॅटिनमचं एक औषध होतं, सिस्प्लॅटिन किंवा त्याचं भावंड कार्बोप्लॅटिन. सिस्प्लॅटिनचा कॅन्सरशी संबंध लागला तो चुकून. १९६०च्या दशकात मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग हे जैवभौतिकशास्त्रज्ञ विजेच्या क्षेत्राचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणू विभागायचे थांबले आणि नेहमीच्या लांबीच्या शेकडो पट वाढून दोऱ्यासारखे झाले. विजेचा त्यात काही हात नव्हता. वीज सोडायला वापरलेले प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड द्रावणात किंचित विरघळून जी संयुगं तयार झाली होती, त्यांचा हा प्रताप होता. १९७८ साली सिस्प्लॅटिनला अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली.

पेशीत शिरल्यावर सिस्प्लॅटिन डीएनएला चिकटतं आणि त्याच्या पिळाला बाक आणतं. वाकलेल्या डीएनएची नक्कल नीट होत नाही आणि पेशी मरते. मात्र पेशीकडेही दुरुस्तीची माणसं असतात. त्यातलं एक प्रथिन म्हणजे ईआरसीसी-१. एका जोडीदार प्रथिनाबरोबर ते बिघडलेल्या जागेशेजारी कात्री चालवतं. डीएनएच्या सुमारे पंचवीस-तीस रासायनिक अक्षरांचा तुकडा कापून निघतो आणि रिकामी जागा नव्याने भरली जाते.

तर्क उघड होता. ज्या गाठीत ईआरसीसी-१ भरपूर, ती सिस्प्लॅटिनला दाद देणार नाही; ज्या गाठीत ते नाही, ती शरण येईल. २००६ साली फ्रेंच संशोधकांच्या पुढाकाराने ७६१ रुग्णांच्या गाठी तपासून झाल्या आणि नेमकं हेच दिसलं. हे शस्त्रक्रिया झालेले रुग्ण होते, आजार पसरलेले नव्हेत. ईआरसीसी-१ नसलेल्यांना केमोचा फायदा झाला, असलेल्यांना झाला नाही. त्यात एक गंमतही होती. ज्यांना केमो दिलीच नव्हती, त्यांच्यात ईआरसीसी-१ असलेले रुग्ण जास्त जगले. म्हणजे एकच प्रथिन आजाराला संथ ठेवतं आणि औषधाला बोथट करतं. एखादी खूण ‘रुग्ण किती जगेल’ हे सांगते की ‘औषध लागू पडेल का’ हे, यातला फरक इथे लख्ख दिसतो. जाणकारही या दोन गोष्टींची गल्लत करतात.

पुढच्याच वर्षी स्पेनमधल्या एका चाचणीने हा तर्क चौथ्या स्टेजच्या रुग्णांवर वापरून पाहिला. एका गटाला सरसकट सिस्प्लॅटिन दिलं, दुसऱ्या गटाला ईआरसीसी-१ची पातळी पाहून. पातळी कमी तर सिस्प्लॅटिन, जास्त तर त्याऐवजी दुसरं औषध. गाठ आक्रसण्याचं प्रमाण ३९.३ टक्क्यांवरून ५०.७ टक्क्यांवर गेलं, पण आयुष्य काही वाढलं नाही.

आणि मग २०१३ आलं. २००६च्या अभ्यासाशी संबंधित संशोधकांनीच इतर दोन चाचण्यांमधले नमुने तपासले, तर जुना निष्कर्ष पुन्हा मिळेना. म्हणून त्यांनी आपले मूळ नमुनेही नव्याने रंगवून पाहिले. प्रथिनाला चिकटून ते दाखवून देणारा रेणू, म्हणजे प्रतिपिंड, तोच, फक्त नव्या खेपेचा. तरी उत्तरं वेगळी आली. खोलात गेल्यावर कळलं, की ईआरसीसी-१ चार रूपांत असतं आणि दुरुस्तीचं काम त्यातलं एकच रूप धडपणे करतं. बाजारात मिळणारे सोळा प्रतिपिंड तपासले, त्यातल्या एकालाही ही रूपं वेगळी ओळखता आली नाहीत. तर्क कदाचित बरोबरच होता. मापच खोटं निघालं. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाची अशी उलटतपासणी करून ती जाहीर छापणं मला मूळ शोधापेक्षा मोठं वाटतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका चाचणीतही या प्रथिनावरून केमो निवडल्याचा फायदा दिसला नाही.

औषध लागू पडेल का हे ओळखायची दुसरी एक वाट गाठीऐवजी रक्तातून जाते. जन्मतः मिळालेल्या जनुकांत माणसागणिक एखाद्या अक्षराचा फरक असतो. ईआरसीसी-१च्या जनुकात ११८व्या तीन अक्षरी शब्दाचं शेवटचं अक्षर कुणाकडे ‘सी’, कुणाकडे ‘टी’. नवल असं, की दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, प्रथिनात काडीचा फरक पडत नाही. तरी या अक्षरावर आणि एक्सआरसीसी-१ या दुसऱ्या दुरुस्ती-जनुकातल्या फरकावर डझनावारी अभ्यास झाले. कुठे फायदा दिसला, कुठे काहीच नाही. लहान गट, निरनिराळे समाज, औषधांची सरमिसळ. एकमत व्हावं तरी कसं?

दरम्यान एक उत्तर मिळालं ते साध्या सूक्ष्मदर्शकातून. २००८च्या एका मोठ्या चाचणीत पेमेट्रेक्सेड हे केमोचं औषध फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ॲडिनोकार्सिनोमा या प्रकाराला जास्त लागू पडलं आणि स्क्वॅमस प्रकाराला कमी. जनुकांची चाचणी नाही, नुसती पेशींची ठेवण पाहून एवढं ठरलं.

जनुकातून पक्कं उत्तर आलं ते मात्र भलत्याच दिशेने. ईजीएफआर हा पेशीच्या पृष्ठभागावरचा एक स्वीच आहे. काही गाठींत जनुकातल्या बदलामुळे तो चालूच राहतो, बंद होत नाही. जेफिटिनिब ही गोळी त्यालाच अडवते. २००९ साली पूर्व आशियातल्या १२१७ रुग्णांच्या चाचणीत गोळी आणि केमो समोरासमोर आल्या. रुग्ण बहुतेक धूम्रपान न करणारे, ॲडिनोकार्सिनोमाचे. म्हणजे गोळी चालेल असा अंदाज बांधूनच निवडलेले. ज्यांच्या गाठी तपासता आल्या, त्यांतल्या दहापैकी चौघांत तो बदल नव्हता. बदल असलेल्यांपैकी गोळीने ७१ टक्के जणांची गाठ आक्रसली, केमोने ४७ टक्के. बदल नसलेल्यांत गोळीने जेमतेम १ टक्का, केमोने २३. अंदाजावर विसंबून गोळी दिली असती तर त्या चौघांचं नुकसानच होतं.

यानंतर बदल सापडला की गोळी, नाहीतर केमो, अशी सरळ वाटणी झाली. ती मोडायला मुंबईचाही हात लागला. टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. वनिता नोरोन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईजीएफआर बदल असलेल्या ३५० रुग्णांपैकी निम्म्यांना नुसतं जेफिटिनिब दिलं आणि निम्म्यांना त्याच्या जोडीला पेमेट्रेक्सेड व कार्बोप्लॅटिन. निम्म्या रुग्णांचा आजार पुन्हा वाढायला लागेपर्यंतचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला, आणि एकूण आयुष्यही वाढलं. जपानमधल्या चाचणीतही आजाराची वाढ अशीच लांबणीवर पडली. २०२३ साली ऑसिमर्टिनिब या नव्या गोळीला केमोची जोड दिल्यावर हाच काळ १६.७ महिन्यांवरून २५.५ महिन्यांवर गेल्याचं दिसलं.

मुंबईच्या चाचणीत जोडीने औषधं घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के जणांना तीव्र दुष्परिणाम झाले, नुसत्या गोळीवर २५ टक्के जणांना. त्यामुळे रिपोर्टवर ईजीएफआर बदल आहे असं आलं, तरी डॉक्टर पुढे विचारत राहतात. वय किती, किडनी कशी आहे, घरात हिंडता-फिरता येतं का, दर तीन आठवड्यांनी सलाइनसाठी यायला सोबत कोण आहे?