फोल्डरचा फेरफार

पीक विम्यासाठी नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत देण्याचा नियम आला आणि २०२१ पासून ई-पीक पाहणीसाठी शेतकरी स्वतःच पिकाचे फोटो काढू लागले आहेत. त्यामुळे विदर्भातील खेड्यापाड्यांत कपाशी, तूर आणि सोयाबीनच्या फोटोंनी मोबाइल भरून गेलेले दिसतात. हे फोटो नीट लावायचा विषय निघाला, की वेगवेगळे फोल्डर केल्याने मेमरी आणखी भरते, हा समज हमखास ऐकू येतो.

वास्तविक फोल्डर म्हणजे केवळ एक यादी असते. ३२ जीबीच्या मेमरी कार्डावर बहुधा फायली मांडण्याची फॅट-३२ ही रचना असते आणि तिच्यात प्रत्येक फायलीची ३२ बाइटांची एक मुख्य नोंद असते. नाव लांब असल्यास जादा नोंदी जोडल्या जातात. मुख्य नोंदीत तारीख आणि आकार यांच्यासोबत एक महत्त्वाचा आकडा असतो, तो म्हणजे फोटोची माहिती कार्डावरील ज्या क्लस्टरपासून, म्हणजे साठवणुकीच्या ज्या कप्प्यापासून, सुरू होते त्याचा क्रमांक. पुढचा क्लस्टर कोणता, त्याच्यापुढचा कोणता, हे फाइल ॲलोकेशन टेबल नावाच्या वेगळ्याच तक्त्यात लिहिलेले असते. आपण ४ एमबीचा फोटो ‘कपाशी’मधून ‘तूर’मध्ये हलवतो, तेव्हा ‘तूर’च्या यादीत तोच पहिला क्रमांक असलेली नवी नोंद होते आणि जुन्या नोंदीच्या पहिल्या बाइटात २२९ हा आकडा टाकून ती रद्द केली जाते. क्लस्टरच्या तक्त्याला हातही लागत नाही आणि फोटोचा एकही बाइट जागचा हलत नाही. तलाठ्याकडे फेरफार झाला तरी शेत होते तिथेच राहते, तसाच हा प्रकार आहे. रिकामा फोल्डर एक क्लस्टर, म्हणजे साधारण १६ किंवा ३२ केबी जागा घेतो. एका फोटोच्या मानाने ती नगण्य आहे.

मोबाइलच्या अंतर्गत साठ्याची रचना निराळी असली तरी तत्त्व हेच आहे. मात्र मोबाइलमधून कार्डावर फोटो हलवताना दोन स्वतंत्र साठे असल्यामुळे आधी संपूर्ण नक्कल होते आणि मग मूळ फाइल पुसली जाते. म्हणून हे काम चालू असताना कार्ड काढू नये.

फोटो सांभाळणारी सॉफ्टवेअरे याच यादीवर आपली दुसरी यादी रचतात. डिजिकॅम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अल्बम म्हणजे डिस्कवरचा प्रत्यक्ष फोल्डर असतो, तर टॅग ही डेटाबेसमधील नोंद असते. त्यामुळे एकाच फोटोला ‘बोंडअळी’ आणि ‘पंचनामा’ असे दोन्ही टॅग देता येतात आणि फाइल एकच राहते. गूगल फोटोजमध्ये मात्र अल्बमही नोंदच असतो आणि अल्बममधून काढलेला फोटो मूळ संग्रहात शिल्लक राहतो. कोणतेही सॉफ्टवेअर वापरताना ‘अल्बममधून काढा’ आणि ‘पुसा’ यांतला फरक आधी तपासावा. एआय सगळे फोटो आपोआप लावून देईल, या जाहिरातींवर फार विसंबू नये. तो चेहरे आणि फुले बऱ्यापैकी ओळखतो, पण कपाशीचे कोणते झाड कोणत्या गट क्रमांकाच्या शेतातले, हे केवळ चित्र पाहून त्याला कळण्याचा मार्ग नाही.

तारखेची गोष्ट वेगळी आहे. फोटो काढल्याची वेळ कॅमेरा एक्झिफ या १९९५ मध्ये आलेल्या मानकानुसार खुद्द फायलीच्या आत लिहितो आणि ती फोल्डर बदलला तरी कायम राहते. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून मात्र ही माहिती गळून पडते. अशा वेळी हाती उरते ती फायलीच्या नावातील तारीख, आणि फोटो नंतर कधी पाठवला असेल तर ती नुकसानीच्या दिवसाशी जुळत नाही. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते.