युक्तिवाद, न्यायालयीन

खटल्यात पुरावा पुरा झाल्यावर आपली बाजू पटवून देण्यासाठी वकील किंवा स्वतः पक्षकार न्यायाधीशापुढे जे भाषण करतो, त्याला युक्तिवाद म्हणतात. साक्षीदाराला त्याला बोलावणाऱ्या बाजूने विचारलेले प्रश्न (सरतपास), विरुद्ध बाजूचे प्रश्न (उलटतपास) आणि त्यानंतरचे पहिल्या बाजूचे प्रश्न (फेरतपास) तोवर आटोपलेले असतात, त्यामुळे नवी हकीकत सांगायला वाव उरत नाही. नोंदीवर आलेल्या साक्षींचा अर्थ लावायचा आणि त्याला कलमांचा व वरिष्ठ न्यायालयांच्या निवाड्यांचा आधार द्यायचा, एवढेच वकिलाच्या हाती असते. म्हणूनच शब्दाला इथे बाजारात नसलेली किंमत येते. साक्षीदार ‘दागिने दिले’ म्हणाला की ‘ठेवायला दिले’, यावर ती भेट होती की विश्वासाने सोपवलेली ठेव, हे ठरते.

मराठेशाहीत वकील म्हणजे दरबारी दूत. वतनाच्या (वंशपरंपरागत हक्काच्या) तंट्यात अग्रवादी (वादी) आणि पश्चिमवादी (प्रतिवादी) गोतसभेपुढे (गावातील वतनदार व भाऊबंदांच्या सभेपुढे) स्वतःच आपापली तकरीर (निवेदन) देत आणि वतनाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा करीना (हकीकत) सांगत. निर्णय महजरात (निवाडापत्रात) नोंदला जाई, आणि हरलेला पक्ष जिंकणाऱ्याला यजितखत (हार कबूल केल्याचा लेख) लिहून देई. हार त्याच्याकडून त्याच्याच शब्दांत कबूल करून घेण्याची ही रीत आजच्या हुकूमनाम्यात राहिलेली नाही.

इंग्रजी अमलात न्यायालयाची भाषा आणि पक्षकाराची भाषा वेगळी झाली. याचा सर्वांत ठळक दाखला म्हणजे लोकमान्य टिळकांचे खटले. १८९७ सालच्या राजद्रोहाच्या खटल्यात न्या. स्ट्रेची यांनी ज्यूरीला (दोषी की निर्दोष हा कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाला) ‘डिसअफेक्शन’ म्हणजे प्रेमाचा अभाव असा अर्थ सांगितला. सरकारबद्दल प्रेम नसणे हाच या अर्थाने गुन्हा ठरत होता. जुलै १९०८ मध्ये ‘केसरी’तील लेखांवरून टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला मुंबई उच्च न्यायालयात न्या. दावर यांच्यापुढे चालला. लेख मराठी होते, ज्यूरीपुढे ठेवली गेली ती त्यांची इंग्रजी भाषांतरे. सात युरोपीय आणि दोन पारशी अशा त्या ज्यूरीत मूळ लेख मराठी वाचकासारखा वाचू शकेल असा कोणी नव्हता. टिळकांनी स्वतःच बाजू मांडली. त्यांनी भाषांतरकाराची उलटतपासणी केली आणि २१ तासांहून अधिक काळ चाललेल्या भाषणात भाषांतरातल्या चुका उकलून दाखवल्या. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले, सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा मात्र आजही टिकणारा आहे: लिहिणाऱ्याचा हेतू त्याने वापरलेल्या भाषेतच शोधावा लागतो. १९१६ साली बेळगाव आणि अहमदनगर येथील मराठी भाषणांवरून त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. तेव्हा बॅरिस्टर जिना त्यांच्या बाजूने उभे राहिले. सुटी वाक्ये न वेचता भाषण समग्र वाचावे, ही दृष्टी न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांच्या पीठाने स्वीकारली आणि जामिनाचा आदेश रद्द केला.

ज्यूरीची पद्धत गेल्यावर युक्तिवादाचा सूरही उतरला. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यात (१९५९) ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले होते. उच्च न्यायालयाने तो कौल मानला नाही. नऊ सामान्य माणसांच्या मनाला हात घालणारे वक्तृत्व आता फारसे ऐकू येत नाही. दिवाणी दाव्यांत तर लेखी युक्तिवाद दाखल करण्याची सोय आहे.

संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचे कामकाज साधारणपणे इंग्रजीत चालते. महाराष्ट्रात कनिष्ठ न्यायालयांची भाषा म्हणून मराठीला १९९८ च्या अधिसूचनेने मान्यता मिळाली. प्रत्यक्षात वकील ‘सबब’, ‘सदरहू’, ‘मजकूर इसम’ अशी दफ्तरी मराठी आणि इंग्रजी निवाड्यांतले उतारे एकाच दमात बोलतात. संबोधनांबाबत बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००६ मध्ये ‘माय लॉर्ड’ सोडण्याचा नियम केला, तरी सवय टिकून आहे.

अपिलात मराठी जबान्या इंग्रजीत उतरतात आणि १९०८ चा प्रश्न लहान रूपात पुन्हा उभा राहतो. अशा वेळी जाणता वकील भाषांतरावर विसंबत नाही. मूळ जबानीचे पान उघडून साक्षीदाराचा मराठी शब्द न्यायालयाला वाचून दाखवतो.